डेल्टिकची वरात

ब्रिटनमध्ये हौशी लोकांनी जपलेल्या रेल्वेमार्गांवर निवृत्त मास्तर तिकिटं तपासतात, बँकेतले साहेब रविवारी रुळांमधलं गवत उपटतात आणि पगार बहुतेकांना नसतो. खर्च मात्र सुटत नाही. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली आहे. जे काम करायला पूर्वी रेल्वे माणसाला पैसे देई, तेच काम करायला आता माणूस रेल्वेला पैसे देतो. पावती फाडा, शिडी चढा आणि जुन्या डिझेल इंजिनाच्या कॅबमध्ये बसा. काही ठिकाणी वेगाचा दांडाही हातात देतात. खरा ड्रायव्हर शेजारीच उभा असतो, ब्रेकपासून फार लांब न जाता.

अशा पाहुण्यांचं आवडतं दैवत म्हणजे डेल्टिक. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने १९६१-६२ मध्ये ही २२ इंजिनं बांधली. प्रत्येकाची ताकद ३३०० अश्वशक्ती, वेग ताशी १०० मैल. लंडन ते एडिंबरा मार्गावर ती आली आणि वाफेच्या ५५ इंजिनांना घरी बसावं लागलं. आता त्यांच्यातली सहा उरली आहेत. हौशी मार्गांवर वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी २५ मैल, म्हणजे जेमतेम ४० किलोमीटर. डर्बी जिंकलेला घोडा वरातीत नवरदेवाखाली द्यावा, तशी ही गत.

आणि घोड्याचं नाव इथे उगाच आलेलं नाही. लंडनच्या फिन्सबरी पार्क शेडमधल्या डेल्टिकना खरोखरच शर्यतीच्या घोड्यांची नावं दिली होती. उरलेल्या सहांपैकी एकाचं नाव टुल्यार. हा टुल्यार १९५२ ची डर्बी जिंकलेला घोडा, आणि त्याचे मालक तिसरे आगाखान. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून १८९२ मध्ये पुण्यात आगाखान पॅलेस बांधवून घेणारे तेच हे. नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या पुणेकराने त्या वाड्याकडे पाहताना डर्बी आठवावी अशी अपेक्षा नाही. पण वेगमर्यादेच्या बाबतीत तो आणि टुल्यार समदुःखी आहेत.

कॅबमधला पाहुणा आधी गिअर शोधतो. तो नसतोच. इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटर चाकांजवळच्या मोटारींना वीज देतो, आणि ड्रायव्हर अँपिअर दाखवणाऱ्या काट्याकडे डोळे लावून दांडा सरकवत राहतो. पायाखाली एक पेडल असतं, ते सतत दाबून धरावं लागतं. ड्रायव्हरला झोप लागली किंवा आणखी काही बरंवाईट झालं तर गाडी आपोआप थांबावी, हा हेतू. कुरणातल्या मेंढ्या नीट दिसाव्यात म्हणून पाहुणा उठला, तरी पेडलच्या लेखी तो गेलेलाच.

पाठीमागच्या दाराआड दोन यंत्रं धडधडत असतात. ती मुळात आरमाराच्या वेगवान गस्ती नौकांसाठी नेपिअर कंपनीने घडवली. प्रत्येकात त्रिकोणात मांडलेले १८ सिलिंडर, त्यांत समोरासमोरून एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे ३६ पिस्टन, आणि तिन्ही कोपऱ्यांत एकेक क्रँकशाफ्ट. या त्रिकोणाचं गणित जुळेना, तेव्हा ॲडमिरल्टीतल्या हर्बर्ट पेनवॉर्डन यांनी सुचवलं की तिघांपैकी एक शाफ्ट उलटा फिरवा. जुळलं. कुटुंबांमध्येही असा एक जण असतो, त्याला श्रेय मात्र कुणी देत नाही.

हे यंत्र बराच वेळ नुसतं सुरू ठेवलं की धुराड्याच्या वाटेत तेल साठतं. मग दांडा पुढे सरकला की फलाट निळसर-पांढऱ्या धुरात दिसेनासा होतो. दुसऱ्या कुठल्याही वाहनाने असं केलं तर लोक तक्रार करतील. इथे ते टाळ्या वाजवतात. हौशी मंडळी या धुराला क्लॅग म्हणतात आणि गर्जनेला थ्रॅश. ती गर्जना टिपायला पहिल्या डब्याच्या खिडकीतून मायक्रोफोन बाहेर आलेले असतात, आणि त्या डब्यात कुणी खोकलं तर त्याच्याकडे सगळे रागाने बघतात.

गर्जना मिनिटभर चालते. काटा उसळतो, पाहुण्याच्या अंगावर शहारा येतो आणि ड्रायव्हर दांडा मागे घेतो. पंचवीस झाले. पुढचा सगळा प्रवास ३३०० अश्वशक्ती आवरण्यात जातो. शेजारच्या रस्त्यावरचा सायकलवाला उतार लागला की हात हलवून पुढे निघून जातो.

शेवटच्या स्टेशनात इंजिन फिरवावं लागत नाही, कारण दुसऱ्या टोकालाही कॅब असते. पलीकडच्या रुळावर वाफेच्या इंजिनाचे लोक पहाटेपासून कोळसा टाकून काळे झालेले असतात. बटण दाबून सुरू होणाऱ्या यंत्राचं कौतुक त्यांना मुळीच नसतं. खरं तर डेल्टिकच्या पोटातही एक बॉयलर होता, डबे गरम ठेवायला. वाफेला घालवायला आलेलं इंजिन वाफच घेऊन धावत होतं. पण हे सांगून त्यांचं समाधान होत नाही.

मग डिझेलवाले हुकमाचं पान काढतात. ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतलेला पहिला स्टँडर्ड गेजचा मार्ग म्हणजे लीड्सचा मिडलटन. तिथे जून १९६० मध्ये त्यांची पहिली प्रवासी गाडी ओढली ती हन्सलेट कंपनीकडून उसन्या आणलेल्या डिझेलने, आणि डबा होता स्वॉन्झीकडची जुनी दुमजली ट्राम. वाफवाले ऐकून घेतात, हात पुसतात आणि म्हणतात, ती गाडी आठवडाभरच चालली. ऑगस्टमध्ये ससेक्सच्या ब्लूबेल मार्गावर आम्ही आलो, ते अजून आहोत.