गाडी खेचतेय

शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला निघालात आणि वाटेत कुणी ओळखीचा माणूस गाडीत बसला, तर तो भातलावणीचं बोलेल, पोराच्या लग्नाचं बोलेल. पण तो 'भाऊ' निघाला, तर दार लावता लावताच विचारेल, "कधीपासून खेचतेय?"

"काय?"

"गाडी. क्लिनर साईडला."

गाडी अजिबात खेचत नाही, असं आपलं ठाम मत असतं. सरळगाव येईपर्यंत ते राहत नाही.

असा भाऊ आमच्याकडे प्रत्येक नाक्यावर असतो. त्याचं गॅरेज नसतं, हाताला ग्रीस तर नसतंच. पूर्वी त्याने काळी-पिवळी जीप चालवलेली असते. बसतील तितकी माणसं आणि वर कोंबड्यांची पाटी, असा माल भरल्यावर पाटे काय म्हणतात, यावर त्याचं सगळं शिक्षण झालं. आता तो टपरीशी बसून येणाऱ्या गाडीचा टायर आधी बघतो, मालकाचा चेहरा नंतर. टायरवरून आडवा हात फिरवतो. जाताना गुळगुळीत आणि येताना बोटांना कड टोचली, की "टो गेलाय," म्हणजे चाकं सरळ समोर बघत नाहीत. फक्त आतली कड खाल्लेली दिसली, की "कॅम्बर," म्हणजे चाक उभं नाही, कललंय. मग बॉनेटचा कोपरा दाबून सोडतो. गाडी वर येऊन गप्प बसली तर ठीक. सत्यनारायणाला आलेल्या जावयासारखी मान डोलावत राहिली, तर शॉकअप संपला. जॅकवर चढवून चाक बारा आणि सहावर धरून हलवलं आणि प्ले लागला, तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग. नऊ आणि तीनवर लागला, तर टायरॉड.

हे सगळं बरोबर असतं, हीच खरी पंचाईत. निव्वळ थापाड्या असता तर चहा पाजून कटवता आला असता. तुम्ही कल्याणला जाऊन कॉम्प्युटरवर अलाइनमेंट करून, अंशांचा छापील कागद घेऊन येता. भाऊ कागद उलटा धरून वाचतो आणि म्हणतो, "कागद सरळ आहे. गाडी नाही." लोअर आर्मचा बुश फाटलेला असतो. मशीनवर गाडी उभी असते तोवर चाक जागेवर, ब्रेक मारला की ते आपल्या वाटेने जातं. आधी बुश, मग अलाइनमेंट, हा क्रम भाऊ तुम्हाला भर उन्हात समजावतो. त्याआधी पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलायला लावतो. खेच बाजू बदलून आली, तर दोष टायरचा. बदलाबदली अर्थात तुम्ही करायची, भाऊ टॉमी कसा धरायचा ते सांगतो.

दोष सापडला की त्याचा रस संपतो. पुढे तुम्ही दुरुस्ती करा नाहीतर गाडी म्हशाच्या जत्रेत विका. त्याची खरी अडचण होते ती कोऱ्या गाडीपाशी. एकाने शोरूममधून निघालेली गाडी आणली. भाऊने सगळं दाबलं, हलवलं, गाडी चालवली. चेहरा पडला. चहा झाला, दुसरा झाला. शेवटी म्हणाला, "रस्ताच डावीकडे उतरता आहे." आणि तेही खरं! पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला उतार देतात, त्यामुळे चांगली गाडीसुद्धा थोडी डावीकडे सरकतेच.

टोवरून आठवलं, 2020 साली मर्सिडीजच्या फॉर्म्युला वन गाडीत स्टेअरिंग छातीकडे ओढलं की पुढच्या चाकांचा टो बदलायचा. जगभर बोलबाला झाला, 2021पासून बंदीही आली. मी हे भाऊला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या जीपला ही सोय पहिल्यापासून होती. ओढावंसुद्धा लागायचं नाही."

5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. तो आमच्या शहापूर तालुक्यातूनच जातो. खड्डा नाही म्हटल्यावर भाऊ काही दिवस खिन्न होता. मग त्याच्या लक्षात आलं, की ज्या गाड्यांनी जन्मात साठ ओलांडले नव्हते, त्या आता शंभरावर जाताहेत आणि थरथरताहेत. व्हील बॅलन्सिंगचा दोष खड्ड्यांत कुणाला कळणार होता? भाऊने लगेच नियम दिला, "हाताला कळलं तर पुढचं चाक, बुडाला कळलं तर मागचं."

तेव्हापासून तपासणी समृद्धीवर होते, टोल मालकाचा. परवा माझी पाळी होती. वाशाळ्याकडून आपण समृद्धीवरच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यात शिरलो की काच खाली घ्यायची, असा हुकूम होता. बेअरिंगचा घों-घों आवाज भिंतीवर आपटून परत येतो म्हणे. भाऊने डोळे मिटले, कान बाहेर काढला.

"काही नाही ना?" मी विचारलं.

"तुझं काही नाही," भाऊ नाराजीने म्हणाला. तेवढ्यात शेजारून एक पांढरी गाडी पुढे गेली आणि तो ताडकन सरळ बसला. "हिचं मागचं ड्रायव्हर साईडचं बेअरिंग गेलंय! दाब, दाब! टोलनाक्यावर गाठू त्याला."