नंबर कितवा आला?

कोल्हापुरात पैलवान होणं एकवेळ सोपं, हौशी खेळाडू होणं महाकठीण. १९१२ सालापासून खासबागेच्या मैदानात बसून निकाल लावत आलेलं हे गाव. त्याला खेळाचा एकच अर्थ ठाऊक आहे : कुणीतरी कुणाला तरी आस्मान दाखवायचं. इथल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं. वीरधवल खाडे २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहून आला. २०२४ साली कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये नेम साधला. फुटबॉलचं तर विचारूच नका. पेठांची मॅच झाली की निम्मं गाव उरलेल्या निम्म्याशी आठवडाभर धड बोलत नाही. अशा गावात पंचेचाळिशी ओलांडलेल्या, खडूपेक्षा जड काही उचलायची सवय नसलेल्या गणिताच्या मास्तरानं ट्रायथलॉनमध्ये उतरायचं म्हटलं, तर पहिला प्रश्न 'झेपेल का?' हा नसतो. 'नंबरात येशील का?' हा असतो.

तो प्रश्न आमच्या गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांनी विचारला. पण त्याआधी त्यांनी प्रकार समजून घेतला.

"म्हंजे नेमकं करायचं काय असतंय मास्तर?"

"आधी समुद्रात जवळजवळ दोन किलोमीटर पोहायचं. बाहेर आलं की नव्वद किलोमीटर सायकल. मग एकवीस किलोमीटर पळायचं."

"एकाच दिवशी?"

"मधे बसायचंसुद्धा नाही."

"आन् हे करायला लावतंय कोण?"

"कुणी नाही. आपणच पैसे भरायचे."

वस्तादांनी खांद्यावरचा टॉवेल काढून दुसऱ्या खांद्यावर टाकला. आयुष्यभर इनामाच्या कुस्त्या लढलेला माणूस. मार खायचा आणि वर पैसेही आपणच द्यायचे, हा व्यवहार त्यांच्या हिशेबात बसेना. "बरं, इनाम काय?" मी म्हटलं, पोचणाऱ्या प्रत्येकाला मेडल. "हरल्यालाबी?" मी म्हटलं, तिथं हरत कुणी नाही, एक तर माणूस पोचतो, नाही तर वेळ संपते. वस्ताद बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. शाळेच्या नोकरीचा एवढा ताण असेल अशी त्यांना कल्पना नव्हती.

खरं सांगायचं तर या खेळाचा हा लांब पल्ल्याचा प्रकार जन्मालाच एका वादातून आला. १९७७ साली हवाईतल्या ओआहू बेटावर पळण्याच्या एका शर्यतीचा बक्षीस समारंभ चालू होता. तिथं विषय निघाला : खरा दमाचा गडी कोण, पोहणारा, पळणारा की सायकलवाला? आपल्याकडे असला वाद मिसळीच्या दुसऱ्या पावाबरोबर मिटतो आणि तिसऱ्याबरोबर पुन्हा पेटतो. निकालाची घाई कुणालाच नसते. तिथं मात्र जॉन कॉलिन्स नावाचे अमेरिकी नौदलातले अधिकारी हजर होते. बेटावरचं समुद्रातलं पोहणं, बेटाला सायकलनं फेरी आणि होनोलुलूची मॅरेथॉन हे तिन्ही एकाच दिवशी सलग करायचं, असा तोडगा त्यांनी काढला. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण उतरले, १२ पोचले. पहिला आलेला गॉर्डन हॅलर हा टॅक्सी चालवणारा गृहस्थ. त्याला ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंद लागली. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या साथीदारांकडचं पाणी संपलं, म्हणून त्यांनी त्याला वाटेत बिअर पाजली, आणि तरीही तो दुसरा आला. हा भाग ऐकल्यावर वस्तादांच्या चेहऱ्यावर या खेळाबद्दल पहिल्यांदा आदर दिसला.

त्या पूर्ण अंतराच्या स्पर्धेत आजही ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर पळणं असतं, आणि ते १७ तासांत आटपावं लागतं. मी निवडला तो त्याचा अर्धा अवतार : १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर, मुदत साडेआठ तास. २०१९ साली तो पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर भरू लागला आणि आमची सोय झाली. गोव्याला जातोय म्हटल्यावर घरच्यांचा विरोध निम्म्यानं कमी झाला आणि स्टाफरूममधल्यांचा संशय दुपटीनं वाढला.

सुरुवात सायकलपासून झाली. ती घरात आली त्या दिवशी आईनं तिला दोन प्रदक्षिणा घातल्या. किंमत मी आधीच भागिले तीन करून सांगितली होती. तरी आई म्हणाली, "एवढ्या पैशात स्टँड न्हाई, क्यारेज न्हाई, मडगार्ड न्हाई, घंटी न्हाई. बाळा, तुला फसवलं त्यांनी." मी वजन कमी असण्याचं महत्त्व समजावू लागलो. आईनं माझ्या पोटाकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. तिचं खरं दुःख वेगळंच होतं. "तुझ्या बाबांनी जन्मभर सायकल मारली ती तुला मारावी लागू नये म्हणून," असं ती शेजारच्या काकूंना सांगताना मी ऐकलं. काकूंनीही, 'पगार वेळेवर होतोय ना?' म्हणून हळूच चौकशी केली.

पोहणं मला येत होतं, असा माझा समज होता. मामाच्या गावी पाठीला भोपळा बांधून मला विहिरीत ढकललं होतं आणि मी तरंगलो होतो. विहिरीत शिकलेला माणूस बुडत नाही; पण तो पुढंही सरकत नाही, कारण विहिरीत पुढं जाऊन जायचं कुठं? तलावावरचा कोच निघाला माझाच माजी विद्यार्थी. नववीत पायथागोरसपायी मी त्याला तासभर उभं केलं होतं. त्यानं मनात काही ठेवलं नव्हतं, पण विसरलाही नव्हता. "सर, मान खाली. सर, कोपर वर. सर, पाय गुडघ्यातून नाही, कमरेतून. सर, पुन्हा." आदर एवढा, की प्रत्येक चुकीमागे एक 'सर' मिळायचा. महिनाभरात मला पद्मश्री मिळाल्यासारखं वाटू लागलं.

मग राजाराम तलावात उघड्या पाण्याचा सराव. तरणतलावाच्या तळाला रेघ असते, तलावाच्या तळाला काय असतं ते न बघितलेलंच बरं. डोकं वर काढून समोरची खूण बघत पोहायचं असतं. न बघता पोहलं की माणूस आपल्या बळकट हाताच्या विरुद्ध दिशेला वळत जातो. दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर सरळ रेषेत असतं हे मी वीस-बावीस बॅचेसना शिकवलंय. पाण्यात मी त्याच दोन बिंदूंमध्ये जो वक्र काढला, तो काठावरून बघून कोच म्हणाला, "सर, हा सिलॅबसमध्ये नव्हता."

रविवारी लांबची सायकल. पहाटे अंधारात निघून कागल, निपाणी आणि पुढं तवंदी घाट. परत येईपर्यंत नव्वदीच्या घरात अंतर भरतं. या वाटेवर ट्रकवाले, ऊसवाले आणि कुत्री असे तीन प्रकारचे प्रशिक्षक लाभतात. त्यांतली कुत्री सर्वांत प्रामाणिक. वेग वाढवून घेतात आणि फी मागत नाहीत. घरी आल्यावर सायकल भिंतीला टेकवायची (स्टँड नाही) आणि लगेच बूट बदलून पळायला लागायचं, म्हणजे त्या बदलाची पायांना सवय होते. पाय तेव्हा आपले राहिलेले नसतात. मी गुडघे न वाकवता, फुटलेल्या चेहऱ्यानं गल्लीतून पळत गेलो की दारात सडा घालणाऱ्या बायका बादली घेऊन बाजूला व्हायच्या. एकीनं तर विचारलं, "सर, कोण आजारी हाय का घरात? डॉक्टर आणायला निघालाय काय?"

खाण्याचं शास्त्र आणखी निराळं. एवढ्या लांबच्या शर्यतीत तासाला साधारण साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात, नाही तर अंगातली साखर संपते आणि माणूस जागीच बसतो. त्यासाठी जेलची पाकिटं मिळतात. चव आंब्याची लिहिलेली असते, लागते गोड डिंकाची. मी स्वदेशीचा प्रयोग म्हणून राजगिऱ्याचा लाडू सायकलवर खाऊन पाहिला. उतारावर तोंड उघडं ठेवून राजगिरा खाऊ नये, एवढं ज्ञान मिळालं. वस्तादांनी बदामाची थंडाई सुचवली, गंगावेशीतलं धारोष्ण दूध सुचवलं, शेवटी तांबडा रस्सा बाटलीत भरून सायकलला लावायचाही सल्ला दिला. "घाटात एक घोट घे, ट्रक मागं टाकशील." मला ते खरंही वाटलं.

आणि मग मिरामार. आदल्या दिवशी सायकल जमा करायची, घोट्याला वेळ मोजणारी चिप बांधायची, अंगाला चिकटणारा तो एकसंध सूट चढवायचा. तो चढवताना जेवढा दम लागतो तेवढा पुढं पोहतानाही लागत नाही. सूर्य वर येतायेता शेकडो माणसं एकामागून एक अरबी समुद्रात शिरतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत जशी ढकलाढकली तशीच ही. फरक एवढाच की यात्रेत पाय जमिनीला टेकतात. कुणाची तरी टाच माझ्या चष्म्यावर बसली, माझा हात कुणाच्या तरी डोक्यावर. दमलं तर मदतीच्या कयाकला धरून थांबायची मुभा असते, फक्त त्यानं तुम्हाला पुढं ओढायचं नाही. मी एकाला धरून थांबलो तेव्हा दुसऱ्या बाजूला आणखी एक गृहस्थ आधीच लटकले होते. "कुठले?" ते म्हणाले. "कोल्हापूर." "सांगली," ते म्हणाले, आणि ईर्ष्येनं दोघेही लगेच सुटलो.

पोहण्याला एक तास दहा मिनिटांची मुदत. तिच्या आत मी वाळूवर आलो. सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा लागलेला हवा, पुढच्या सायकलच्या आडोशाला राहून वारा चुकवायचा नाही, कानात गाणी नकोत, असे कडक नियम. गोव्याचे चढ छोटे दिसतात आणि फेऱ्या असल्यामुळे पुन्हा पुन्हा भेटतात. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता साठतो. माझ्यापेक्षा बऱ्याच वडीलधाऱ्या माणसांनी "चला, चला" म्हणत मला मागं टाकलं. सांगलीवालेही त्यांत होते. त्यांनी काही न म्हणता मागं टाकलं, ते जास्त लागलं.

पळण्याच्या वेळी ऊन डोक्यावर. रस्त्याकडेला बायको स्टीलचा डबा उघडून उभी. आत गुळाची दशमी. मी हात पुढं केला तोच शेजारचा स्वयंसेवक ओरडला, "मॅडम, असं देऊ नका! बाहेरच्यांची मदत घेतली तर ते बाद होतील."

"मी बाहेरची?" बायको म्हणाली.

त्या एका प्रश्नाला उत्तर द्यायला मी थांबलो नाही. शर्यतीतला माझा सर्वांत जलद किलोमीटर तो.

पोचलो. मुदतीच्या आत. निवेदकानं माझं नाव चुकीचं उच्चारलं, कुणीतरी गळ्यात मेडल घातलं, मी खाली बसलो आणि मग बराच वेळ उठलोच नाही. बसल्या बसल्या बघत होतो. माझ्यानंतर येणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त टाळ्या पडत होत्या आणि मुदत संपत आली तसा आवाज वाढतच चालला होता. हवाईतल्या कोना इथल्या जागतिक स्पर्धेतही हीच रीत आहे. सकाळी सुरू झालेली शर्यत मध्यरात्रीच्या सुमाराला संपते, आणि शेवटच्यांच्या स्वागताला खूप गर्दी थांबलेली असते. दुपारीच जिंकून मोकळे झालेले व्यावसायिक खेळाडूही परत येऊन टाळ्या वाजवतात.

मी आयुष्यभर मुलांच्या प्रगतिपुस्तकावर क्रमांक लिहीत आलो. पगारवाढीत, सोसायटीच्या निवडणुकीत, मुलीच्या दहावीच्या टक्क्यांत, लग्नातल्या आहेरातसुद्धा आपला कितवा नंबर हे माणसाला रोज कळत असतं. चाळिशी उलटल्यावर मनापासून घाम गाळावा, सहाशेच्या पुढचा नंबर यावा आणि तरी कुणी 'अभ्यास कमी पडला' म्हणू नये, अशी जागा फार शोधावी लागते. मी ती पैसे भरून मिळवली. स्वस्त पडली.

हे सगळं मी परतल्यावर वस्तादांना समजावलं. त्यांनी मेडल हातात घेऊन वजन बघितलं.

"नंबर कितवा आला?"

"सहाशेच्या पुढं कुठं तरी."

"म्हंजे सहाशे लोकांनी तुला पाडलं?"

"पाडलं नाही वस्ताद, पुढं गेले. आणि टाळ्या सगळ्यांत जास्त शेवटच्याला पडतात."

वस्तादांचे डोळे एकदम चमकले. खेळ कळला होता. "मग मधेच कशाला आलास? पुढच्या खेपेला नीट तयारी कर आन् शेवटचा ये."

मी हसण्यावारी नेलं. रात्री मात्र पाटीपेन्सिल घेऊन बसलो. पोहणं एक तास नऊ मिनिटं. सायकल संपवायची साडेपाच तासांच्या आत, पण एखाद्या मिनिटानंच. रेषा ओलांडायची आठ तास एकोणतीस मिनिटांनी, जास्तीत जास्त काही सेकंद वर. वाटेत पंक्चर झालं की सगळं मुसळ केरात. शिवाय मागं कुणीच उरलेलं नाही याची खात्री हवी, आणि हाच बेत करून आणखी कोणी झाडामागं दबा धरून बसलेलं नाही, हेही बघायला हवं. सांगलीवाल्यांचा मला भरवसा नाही. पहिलं येणाऱ्याला नुसतं जोरात जावं लागतं. शेवटचं यायला गणित पक्कं लागतं. कोचला फोन करून वेळापत्रक मागवलंय. तो म्हणाला, "सर, यासाठी सराव दुप्पट करावा लागेल."