वऱ्हाडातला सनईवाला

बंगळूरच्या हेब्बाळात राहणाऱ्या मराठी पोरांची गाऱ्हाणी दोन: फ्लायओव्हरवरची कोंडी आणि उबुंटू लिनक्सचं ‘ऑटोरिमूव्ह’. पहिल्यावर इलाज नाही. दुसऱ्यावर आहे, पण तो बहुतेकांना सगळं गेल्यावर कळतो.

उबुंटूतला ‘ॲप्ट’ हा पॅकेजांचा कारभारी मोठा चोख. कुठलं पॅकेज तुम्ही स्वतः मागवलंत आणि कुठलं दुसऱ्याच्या गरजेपायी आपोआप आलं, याची तो नोंद ठेवतो. आपोआप आलेली म्हणजे वऱ्हाडी मंडळी. नवरदेव उठला की त्यांनीही उठायचं. आता वऱ्हाडातला सनईवाला तुम्हाला आवडला असेल आणि रोज त्याच्याकडून वाजवून घेत असाल, तरी कारभाऱ्याला त्याचं काय! ‘ऑटोरिमूव्ह’ म्हटलं की पडद्यावर काढायच्या पॅकेजांची यादी येते, खाली ‘वाय’ मोठ्या लिपीत नि ‘एन’ छोट्या. चहाचा घोट घेता घेता नुसतं एंटर दाबलं, तरी तो होकार धरला जातो.

सनईवाला राहावा असं वाटत असेल तर आधी बोलायला हवं. ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ म्हटलं की तो घरचा होतो. ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ म्हटलं की कारभारी आपण होऊन त्याला काढत नाही, बदलतही नाही. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सात यासाठी ‘प्रोटेक्टेड डॉट डी’ नावाचा फोल्डरच आहे. त्यात नाव घातलं की तिथला कारभारी डीएनएफ हात आखडता घेतो.

कारभारी ताकीद देत नाही असंही नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये लायनस सेबास्टियन हा कॅनडातला यूट्यूबर ‘पॉप ओएस’ या लिनक्सवर स्टीम हे गेमांचं ॲप टाकायला गेला. ॲप्टनं बजावलं, अत्यावश्यक पॅकेजं जातील. खरंच हवं असेल तर ‘येस, डू ॲज आय से!’ हे वाक्य टाइप कर. गड्यानं उद्गारचिन्हासकट टाइप केलं आणि डेस्कटॉप गेला. पुढे ॲप्टनं तो प्रश्नच काढून टाकला. वाचायला लावलं म्हणून माणूस वाचतोच असं नाही, हे ॲप्टलाही उमगलं असावं.

आधी बोलण्याचा दाखला हेब्बाळातच आहे. इथं 2018 साली गटाराच्या खोदकामात एक दगड वर आला. गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला, इसवी सन 750 च्या सुमाराचा, लढाईत पडलेल्या कित्तय्याचा वीरगळ. बंगळूर शहरातला हा सर्वांत जुना कन्नड शिलालेख मानतात. त्या दगडावाचून गटाराचं काही अडत नव्हतं. ॲप्टच्या हिशेबानं तो बिनगरजेचाच. पण शिलालेखांचं वेड असलेल्या मंडळींनी ‘हा आमचा’ म्हटलं, म्हणून आज त्याला मंडप आहे.

पण म्हणून दिसेल त्याला होल्ड लावत सुटू नये. होल्डवरच्या पॅकेजला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत, आणि अशी चार पॅकेजं साठली की पुढचं अपग्रेड अडून बसतं. जपायचं ते मोजकं असावं, आणि का जपलं हे कुठंतरी लिहून ठेवावं. अधूनमधून ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ चालवा; ज्या नावाचं कारण आठवणार नाही, त्याला ‘अनहोल्ड’ म्हणून मोकळं करा. आणि ऑटोरिमूव्हची यादी आली की एंटरआधी चहाचा कप खाली ठेवा.