शिफॉनची चिंधी

बॉथेलमध्ये संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघताना आधी आभाळ बघावं लागतं, मग कपाट. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला, सॅमामिश नदीकाठी वसलेलं हे गाव. जानेवारीत इथे पाऊस येत नाही, मुक्कामालाच असतो. पैठणी भिजवायची कुणाची छाती होत नाही, म्हणून निम्म्याजणी शिफॉन नेसतात आणि वर फुगीर जाकीट चढवतात. यश चोप्रांच्या नायिका बर्फात नुसत्या शिफॉनवर कशा नाचायच्या, हे कोडं इथे राहून आणखीच अवघड झालंय.

त्याहून गंमत नावाची. फ्रेंचमध्ये ‘शिफॉन’ म्हणजे चिंधी! टेबल पुसायचं फडकंही शिफॉनच, आणि पॅरिसच्या गल्ल्यांतून चिंध्या वेचणारा तो ‘शिफॉनिए’. पुढे थट्टेथट्टेत बायकांच्या फिती-झालरींनाही तिथे शिफॉन म्हणू लागले; ‘शिफॉन बोलणं’ म्हणजे कपड्यालत्त्यांच्या गप्पा मारणं. (आमच्या हळदीकुंकवाचं इतकं नेमकं वर्णन मराठीतही नाही.) इंग्रजांनी त्यातून कापडाचं नाव उचललं. फ्रेंच मात्र या तलम कापडाला ‘मूसलीन’ म्हणतात, आणि ते नाव आलं इराकातल्या मोसुल शहरावरून. म्हणजे मूळ मालकाचं असं कुणाकडेच काही नाही.

या चिंधीला भारतात राजयोग लाभला तो एका मराठी मुलीमुळे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे, जन्म 1892चा. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न तिने स्वतः पत्र लिहून मोडलं आणि 1913 साली कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी केलं. 1922 साली वैधव्य आलं. फ्रान्सहून शिफॉन मागवून त्याच्या साड्या रूढ करण्याचं श्रेय तिलाच देतात. तिची लेक गायत्रीदेवी. तिच्या शिफॉनबद्दल मी वेगळं काय सांगणार?

अर्थात चिंधीचा मान आपल्याला नवा नाही. कृष्णाचं बोट कापलं तेव्हा घरात चिंधी शोधत बसलेल्या सुभद्रेला कुणी आठवत नाही. भरजरी वस्त्र फाडणारी द्रौपदी सगळ्यांना ठाऊक.

तरी आमच्या मावशी शिफॉनला साडी मानायला तयार नाहीत. मुलीकडे सहा महिने राहायला आल्या की कपाट उघडून एकच शेरा मारतात, “अगं, हिची गोधडीसुद्धा व्हायची नाही.” खरंच आहे. एके काळचं रेशमी शिफॉन आता बहुतेक पॉलिएस्टरचं झालंय: सुटसुटीत, न चुरगळणारं, पण पाणी टिपत नाही, सुईखाली ठरत नाही आणि वातीच्या कामाचं तर नाहीच. चिंधीचं नाव घेऊन मिरवणाऱ्या या कापडाची चिंधी मात्र कवडीच्या उपयोगाची नाही.

तेव्हा पॅरिसला गेलात आणि साडीचं कापड घ्यायची हुक्की आलीच, तर दुकानात मूसलीन मागा. शिफॉन मागितलंत तर फडकं हातात देतील.