मोजेल ते गाव बंद

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. राज्यातल्या शाळांची कुलुपे पुन्हा उघडली. गुरुवारी घटस्थापनेला देवळेही उघडायची होती. नेमक्या त्याच सोमवारपासून नगर जिल्ह्यातली ६१ गावे प्रशासनाच्या आदेशाने बंद झाली.

संगमनेर तालुक्यातली २४. त्याखालोखाल श्रीगोंद्यातली ९. मुदत १३ तारखेपर्यंत.

कसोटी काय? गावात कोरोनाचे १० पेक्षा जास्त सक्रिय रुग्ण.

हजार वस्तीच्या वाडीलाही १० आणि काष्टीसारख्या बाजाराच्या गावालाही १०च? गावाची लोकसंख्या किती, चाचण्या किती झाल्या, शंभरातल्या किती पॉझिटिव्ह आल्या, हे शेजारी मांडल्याशिवाय रुग्णांच्या आकड्याला अर्थ नाही. आकडा वाढला तो आजार वाढला म्हणून की तपासणी वाढली म्हणून?

शेजारच्या गावाने चाचण्याच केल्या नाहीत, तर त्याचे काय होणार? काहीच नाही. त्याची दुकाने चालू राहणार.

मग पुढच्या वेळी स्वॅब द्यायला पुढे येणार कोण?

या साऱ्यात सगळ्यात अवघड जागा गावातल्या आशा सेविकेची, आशाताईची. ऑक्सिमीटर घेऊन घरोघर तिने फिरायचे, ताप अंगावर काढणाऱ्याला समजावून केंद्रावर धाडायचे. आणि अकरावा रुग्ण सापडला, की दुकान बंद पडलेल्या न्हाव्याचा, टपरीवाल्याचा राग झेलायचा तोही तिनेच. त्यांना तोंड द्यायला आदेशावर सही करणारा गावात राहत नाही, ती राहते. याच बायकांना त्याच वर्षी जूनमध्ये मानधनासाठी संपावर जावे लागले. पदरात पडले महिन्याला दीड हजार रुपये. त्यातले पाचशे कोविड भत्त्याचे.

शिक्षेचे झाले, आता बक्षिसाचे पाहा. जून २०२१ मध्ये राज्याने कोरोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक महसूल विभागात पहिल्या गावाला ५० लाख. आदर्श डोळ्यांपुढे होता तो आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचा. पोपटराव पवारांच्या गावाने पथके केली, घरोघर तपासणी केली, रुग्ण वेळीच वेगळे ठेवले. म्हणजे आधी रुग्ण शोधले, मग ते संपले. स्पर्धेत कामाचेही निकष होते, हे मान्य. पण ज्या गावाला बक्षीस हवे, त्याला सगळ्यात सोपा शून्य कुठे मिळतो?

न तपासलेल्या घरात.

भीतीने रोगी लपवणे नवे नाही. मार्च २०२० मध्ये राज्याने हाती घेतला तो साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे सोजीर घरात शिरत, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत, सामान जाळत. लोकांनी काय केले? रोगी लपवले. प्रेतेही लपवली. रँडवर गोळी झाडली गेली २२ जून १८९७ ला; कायदा मात्र सव्वाशे वर्षे टिकला.

जगही याच वाटेने चालते. नगरची ही गावे उघडून दीड महिना होत नाही, तोच दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी कोरोनाचा नवा अवतार शोधून जगाला तातडीने कळवला. ओमिक्रॉन. बक्षीस? काही दिवसांत देशोदेशींनी त्यांची विमाने बंद केली.

साथीत गर्दी रोखावी लागते, यावर वाद नाही. दुसऱ्या लाटेत ज्यांनी बेडसाठी गाडी घेऊन रात्रभर दवाखाने पालथे घातले, त्यांना ते सांगायची गरज नाही. पण रुग्ण सापडलेल्या गावात सरकारने सगळ्यांत आधी काय पाठवायला हवे? लसीचे डोस, चाचणीचे किट, तपासणीला जादा माणसे. बंदीचा आदेश काढायला एक कागद पुरतो. लस, किट आणि माणसे पाठवायला पैसा लागतो, म्हणून कागद आधी पोहोचतो.

आणि तो कागद फुकटही नसतो. त्याची किंमत सरकारऐवजी टपरीवाला भरतो. दहा दिवस.

पुढची साथ येईल तेव्हा आदेशावर रुग्णांच्या आकड्याशेजारी चाचण्यांचा आकडा छापा. बुडालेला रोज कोण भरून देणार, हेही त्याच कागदावर लिहा. जे गाव जास्त तपासेल, त्याच्या आशाताईला महिन्याच्या महिन्याला पैसे द्या, संपाची वाट न पाहता.