पाहुण्यांसह रांगेत उभे राहण्याची शास्त्रोक्त पद्धत

ही मार्गदर्शिका शारजा, दुबई आणि अबुधाबीत राहणाऱ्या अशा मराठी यजमानांसाठी आहे, ज्यांच्याकडे नोव्हेंबर ते मार्च या काळात भारतातून पाहुणे येतात. म्हणजे सगळ्यांसाठीच.

थीम पार्कातल्या गर्दीच्या विषयात जपान्यांचा अधिकार मोठा. तोक्यो डिस्नेलँड १९८३ पासून चालू आहे. तिथे परेड बघायला माणसे कितीतरी आधी येतात, जमिनीवर पातळ चटई अंथरतात आणि मुकाट बसून राहतात. अभ्यासूंनी याविषयी जरूर वाचावे, पण त्याचा आपल्याला उपयोग शून्य. जपानी माणूस ज्या गर्दीला तोंड देतो ती अनोळखी असते. आपल्याला आठ ओळखीच्या माणसांना तोंड द्यायचे असते. अबुधाबीच्या यास बेटावरच्या थीम पार्कांतल्या हजारो परक्या लोकांनी आजवर कोणाच्या सहलीचे काही बिघडवलेले नाही. प्रवेशद्वारापाशी “तुम्ही व्हा पुढे, मी जरा चहा कुठे मिळतो बघते” म्हणणारी एक आत्या त्या कामाला पुरते.

मुहूर्त

पंचांग कपाटात ठेवा. अमिरातीचे सरकारी कॅलेंडर आणि भारतीय शाळांच्या सुट्ट्यांचा तक्ता, एवढे दोनच ग्रंथ लागतात. १ जानेवारी २०२२ पासून इथली साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवार अर्धा दिवस उरला. शारजाने मात्र शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी घेतली. त्यामुळे शारजात राहणाऱ्याला वाटते, शुक्रवारी सकाळी निघालो की रस्ताही आपला आणि पार्कही आपले. शारजातल्या प्रत्येकाला असेच वाटते, आणि हे सगळे जण अल इत्तिहाद रोडवर एकमेकांना भेटतात.

दोन्ही ईद, २ आणि ३ डिसेंबरचा राष्ट्रीय दिन, डिसेंबरअखेरची शाळेची सुट्टी आणि आपली दिवाळी हे दिवस वर्ज्य. मंगळवार-बुधवार उत्तम. मात्र दुबईतल्या ग्लोबल व्हिलेजमध्ये मंगळवार कुटुंबांसाठी आणि महिलांसाठी राखीव असतो. मुंबईहून एकटाच आलेला, दाढी वाढवलेला, “मी माझं माझं फिरतो” म्हणणारा भाचा त्या दिवशी फाटकाबाहेर राहू शकतो. त्याने त्या एका संध्याकाळपुरते मामीचे बोट धरावे.

खरे तर सर्वोत्तम मुहूर्त जुलैचा. यास बेटावरची फेरारी वर्ल्ड, वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड, सीवर्ल्ड, दुबईतले आयएमजी वर्ल्ड्स ही सगळी जवळजवळ पूर्ण छपराखाली आणि वातानुकूलित. बाहेर ४५ अंश असले तरी आत स्वेटर लागतो. त्यात इथल्या भारतीय शाळांना सुट्टी लागलेली असते आणि निम्मे गाव मायदेशी गेलेले असते. पण जुलैत पाहुणे येत नाहीत, कारण “तिकडे ऊन फार असतं म्हणे”. हे चंद्रपूरचे लोकसुद्धा म्हणतात.

शिधा

पार्कात बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येत नाहीत. तान्ह्या बाळाचे अन्न तेवढे चालते. चकली हे बाळाचे अन्न असल्याचा युक्तिवाद करू नये. पिशवी तपासणारा माणूस बहुधा केरळचा किंवा नेपाळचा असतो, त्याला चकली नीट ओळखता येते.

वाटेत मेट्रोत खाऊन घेऊ, हाही विचार सोडा. दुबई मेट्रोत खाल्ले-प्यायले तर १०० दिरहम दंड. पुरुष महिलांच्या डब्यात शिरला तरी तेवढाच. म्हणजे भावोजींनी शंकरपाळ्यांचा डबा हातात धरून, तोंड चालवत, चुकून वन्संच्या डब्यात पाऊल टाकले तर दोन्ही पावत्या एकाच वेळी मिळू शकतात. शास्त्रसंमत मार्ग एकच: पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून उभ्याउभ्या सगळ्यांना पोटभर जेवू घालणे. सकाळी दहा वाजता कोणाला भूक नसते. तरीही खायला लावा. साडेअकराला आतल्या फलकावर बर्गरचा भाव वाचून सासरे जे बोलतील, ते ऐकण्यापेक्षा हे बरे.

रांगेचे वर्ग

मराठी माणसाला रांगेतला वर्गभेद नवा नाही. लालबागच्या राजाला नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. नवसाच्या रांगेत अख्खी रात्र जाते, पण शेवटी पायांवर डोके टेकता येते. मुखदर्शन लवकर आटोपते, लांबून. ज्याची श्रद्धा जास्त तो जास्त उभा राहतो, असा तिथला साधा न्याय. यास बेटावर हे गणित उलटे आहे. जो जास्त पैसे मोजतो तो कमी उभा राहतो, आणि महिनाभर एखाद्या राइडची स्वप्ने बघणारा पोरगा साध्या रांगेत ताटकळतो. क्विक पास, फास्ट ट्रॅक, नावे काहीही असोत. प्रवेशाच्या तिकिटावर आणखी पैसे टाकून ही झटपट रांग विकत मिळते.

ती घ्यावी का? गर्दीच्या दिवशी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण किंमत घरात सांगू नये. दिरहमांना तोंडी गुणून रुपये काढण्याचा वेग निवृत्त बँक कर्मचाऱ्यांमध्ये विलक्षण असतो. आणि गुणाकारानंतर भागाकारही होतो. २०१० मध्ये फेरारी वर्ल्डबरोबर सुरू झालेली ‘फॉर्म्युला रोसा’ ही रोलर कोस्टर पाच सेकंदांच्या आत ताशी २४० किलोमीटरचा वेग गाठते. डोळ्यांत वाळू जाऊ नये म्हणून बसणाऱ्यांना चष्मे देतात. सगळा प्रवास सुमारे दीड मिनिटाचा. तासभर रांग, दीड मिनिट गाडी आणि मिनिटामागे रुपये किती, हे सासरे उतरायच्या आत सांगतात. तेव्हा तिकिटे घरूनच ऑनलाइन काढावीत आणि विचारले तर “ऑफिसमधून सवलत होती” एवढेच म्हणावे.

ज्यांना रांग मुळीच सहन होत नाही त्यांच्या माहितीसाठी: दुबईत २०१६ मध्ये बॉलीवूड पार्क्स उघडले होते. तिथे अपेक्षेइतकी गर्दी कधी जमलीच नाही. एप्रिल २०२३ मध्ये ते बंद झाले.

प्रत्यक्ष रांगेत

राइडच्या तोंडाशी किती मिनिटे थांबावे लागेल त्याचा फलक असतो. तो पाहुण्यांना वाचू देऊ नये. डेव्हिड मेस्टर नावाच्या व्यवस्थापनतज्ज्ञाने १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे, रिकामा वेळ कामात गेलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. म्हणून मोठी पार्के रांगेच्या वाटेवर पडदे, पुतळे आणि देखावे मांडतात. मराठी कुटुंबावर हा खर्च वाया आहे. ठाण्यातल्या फ्लॅटचा भाव, धाकट्या दिराचे न जमणारे लग्न आणि ग्रीन कार्ड एवढ्या तीन विषयांवर पाऊण तास सहज निघतो. नंबर लागला तरी विषय संपत नाही आणि मागच्या लोकांना खाकरावे लागते.

“आमचा माणूस पुढे उभा आहे” ही आपली परंपरागत विद्या इथे चालत नाही. एकाने रांग धरायची आणि सातजणांनी ऐनवेळी दोरीखालून जायचे, हा प्रयोग केल्यास एक फिलिपिनो मुलगी अत्यंत गोड हसून सर्वांना शेवटी नेऊन सोडते. तिच्याशी वाद घालू नये. रांगेत घुसणाऱ्या दुसऱ्या कोणाशीही घालू नये. या देशात शिवी देणे हा गुन्हा आहे, ती मोबाइलवरून लिहून पाठवली तरी. न विचारता परक्याचे चित्रण करणेही कायद्यात बसत नाही, त्यामुळे “थांब, तुझा व्हिडिओच काढतो” हे दुसरे हत्यारही गेले. पुण्यात ज्याला स्पष्टवक्तेपणा म्हणतात त्याला इथे कलम लागते. पुण्याच्या पाहुण्यांना हे विमानतळावरच सांगावे.

आपल्या लोकांना रांग जमत नाही, हा मात्र निव्वळ अपप्रचार. अबुधाबीजवळचे स्वामीनारायण मंदिर १ मार्च २०२४ रोजी सर्वांसाठी खुले झाले आणि पहिल्याच रविवारी तिथे ६५ हजारांवर माणसे आली. धक्काबुक्की झाली नाही. तीच माणसे आठवड्याने पेंग्विन बघायच्या रांगेत कोपराने ढकलतात. मंदिरात पुण्य लागते, पेंग्विनला लागत नाही, एवढेच कारण मला दिसते.

हरवणे

हा भाग नीट वाचावा, कारण सर्वाधिक वेळ इथेच जातो.

अमिरातीतल्या नेटवर्कवर व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश जातो, फोन लागत नाही. पाहुण्यांना हे दहा वेळा सांगितलेले असते. तरीही आत्या हरवल्यावर पहिली गोष्ट करते ती म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप कॉल. तो लागत नाही, म्हणून ती नाशिकला असलेल्या मुलाला कॉल करू बघते. तोही लागत नाही. मग पार्कातले फुकटचे वायफाय शोधत ती आणखी आत जाते. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक पाहुण्याच्या फोनमध्ये इथले सिम घालावे, आणि यजमानाचा नंबर कागदावर लिहून ज्येष्ठांच्या पर्समध्ये ठेवावा.

भेटायची जागा आधी ठरवावी, पण विचार करून. फेरारी वर्ल्डमध्ये “लाल गाडीपाशी भेटू” असे सांगू नये. दुबई मॉलमध्ये “सोन्याच्या दुकानापाशी” असे सांगू नये. तिथे आत्या सापडेल, पण लवकर बाहेर येणार नाही. वॉर्नर ब्रदर्सच्या पार्कात गोथम सिटी मुद्दाम अंधारी ठेवलेली आहे, तिथे तर कोणालाच थांबवू नये. स्वच्छतागृहाचे दार ही सर्वात खात्रीची जागा. दिवसभरात तिथे सगळे येतात.

सगळे सापडून राइडच्या तोंडाशी आले की तिथे उंचीची पट्टी असते. तिच्यासमोर धाकट्याला टाचा उंच करायला शिकवू नये. बाजूला त्याचीच मोठी बहीण उभी असते आणि ती लगेच सांगते. पदर, ओढणी, खिशातला चष्मा, कवळी हे सारे आधी आवरावे. ज्यांना राइडवर जायचे नाही त्यांनी पिशव्या सांभाळाव्यात. घरी परतल्यावर “आम्ही काय, पिशव्याच सांभाळल्या” हे वाक्य किमान वर्षभर ऐकायला मिळेल. त्यावर उपाय नाही.

३१ डिसेंबर

बुर्ज खलिफाची आतषबाजी जवळून बघायची असेल तर दुपारी तिथे पोचावे लागते. संध्याकाळी रस्ते टप्प्याटप्प्याने बंद होतात आणि पाचच्या सुमारास बुर्ज खलिफाचे मेट्रो स्टेशनही बंद होते. मेट्रो रात्रभर धावते, पण तिच्यापर्यंत पोचायला लाखो लोकांबरोबर चालत जावे लागते. मध्यरात्रीपर्यंत सात-आठ तास उभे राहायचे, आतषबाजी संपली की पुन्हा घरी जायच्या गर्दीत उभे राहायचे. हे सगळे दूरदर्शनवर फुकट आणि बसून दिसते. आम्ही बसून बघतो. पाहुण्यांना वाईट वाटते, पण साडेबाराला ते झोपलेले असतात.

राहता राहिले डिस्ने. ७ मे २०२५ रोजी यास बेटावर डिस्नेचे पार्क होणार असल्याची घोषणा झाली. बांधणार आणि चालवणार अबुधाबीची मिराल कंपनी, नाव आणि कल्पना डिस्नेच्या. तोक्योतही पार्क डिस्नेच्या मालकीचे नाही, स्थानिक कंपनीच ते चालवते. अबुधाबीचे काम व्हायला काही वर्षे लागतील. तिकिटे अजून विक्रीला आलेली नाहीत, तेव्हा कोणी फोन करून आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका. आणि ज्या नातेवाइकांनी “डिस्ने झालं की येतोच” असे आत्ताच कळवून ठेवले आहे, त्यांना आजच उत्तर पाठवा: जरूर या, फक्त जुलैत या.