हँडलं शेवटी

मॅडमचं ऑफिस त्यांच्या खांद्याला असतं. काळी, जाड कापडाची पिशवी. तिच्यात पाच मीटरचा टेप, गुण्या, ओळंबा, व्हर्नियर कॅलिपर, सनमायकाच्या नमुन्यांचा जुडगा, निळं बॉलपेन, पावतीपुस्तक आणि पोळीभाजीचा डबा. दारावर पाटी नाही, शिपाई नाही, भिंतीवर सर्टिफिकिटं नाहीत, कारण मुळात भिंतच नाही. तरीही मुलुंड ते बोरिवली या टापूत कायम कुणाची तरी भिंत फुटत असते, कुणाकडे सुतारकाम चालू असतं, कुणाकडे रंगाचा दुसरा हात लागत असतो. आणि त्या तिन्ही घरांतून ही एकच पिशवी फिरत असते.

माझी त्यांची ओळख झाली ती सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून. हे पद बिनपगारी आणि बिनइज्जतीचं. कुणी घराचं काम काढलं की परवानगी मी द्यायची आणि ड्रिलचा आवाज झाला की शिव्या मी खायच्या. एरवी इंटिरियरवाला म्हटलं की मला धडकी भरते. तो आधी काम सुरू करतो, मग अर्ज देतो. लिफ्टमधून रेतीच्या गोण्या नेतो आणि डेब्रिज जिन्याखाली रचून गायब होतो. मॅडम आल्या त्या पूर्ण फाईल घेऊन. अर्ज, नकाशा, डिपॉझिटचा चेक, कामगारांच्या आधारकार्डांच्या प्रती, ‘कॉलम-बीमला हात लावणार नाही’ असं हमीपत्र आणि डेब्रिज कोणता टेम्पो कधी नेणार त्याचा कागद. मी बावीस वर्षं सरकारी नोकरी केली, पण इतकी भरलेली फाईल पाहिली नव्हती. शोधूनही चूक सापडेना तेव्हा मी म्हटलं, “तारीख मराठीत लिहायची होती.” त्यांनी निमूट पेन काढलं.

बाथरूम फोडायचं होतं. आमच्याकडच्या निम्म्या वैरांचा उगम बाथरूममध्येच आहे: वरच्याची फरशी, खालच्याचं छत आणि मधल्या मध्ये सेक्रेटरी. मॅडम आधी खालच्या मजल्यावर गेल्या. छताचे फोटो काढले, मालकालाच शिडीवर चढवून “आत्ता ओल नाही ना? बघा बरं” असं कबूल करून घेतलं. मग वर ब्रिकबॅट कोबा झाला, वॉटरप्रूफिंग झालं आणि अठ्ठेचाळीस तास बाथरूममध्ये पाणी तुंबवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा खाली जाऊन पुन्हा फोटो. खालचे गृहस्थ तेव्हापासून जरा उदास आहेत. भांडायला काही उरलंच नाही.

आमच्या अध्यक्षांनी परवानगीच्या पत्रात कौतुकानं ‘आर्किटेक्ट मॅडम’ लिहिलं. मॅडमनी ते खोडायला लावलं. 1972 च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असेल त्यालाच आर्किटेक्ट म्हणवून घेता येतं, हे त्यांनी अध्यक्षांना उभ्या उभ्या समजावलं. “मी इंटिरियर डिझायनर. भिंत पाडायची झाली तर मी स्ट्रक्चरल इंजिनियरचं पत्र आणते. उगाच मोठं करू नका, मग जबाबदारीही मोठी होते.” मुंबईत मिळालेली पदवी परत करणारं माणूस अध्यक्षांनी प्रथमच पाहिलं. ते स्वतः ‘डॉक्टर’ लावतात, ते कशाचे हे अजून कुणाला कळलेलं नाही.

मुलुंडात त्यांना ‘ताई’ म्हणतात, घाटकोपरला ‘बेन’, अंधेरीत ‘मॅम’ आणि मिस्त्री ‘मॅडमजी’. हाक बदलली की नकाशा बदलतो. मुलुंडला पूर्वाभिमुख देवघर हवं असतं आणि कधीही न वापरायची पितळेची भांडी कायम दिसतील असं काचेचं कपाट. घाटकोपरला दहा बाय सोळाच्या हॉलमध्ये झोपाळा हवा, झोपाळ्याला जागा सोडून सोफा हवा, आणि खाखऱ्याच्या डब्यांना इतके ड्रॉवर की किचन बँकेच्या लॉकरसारखं दिसावं. घर जैनांचं असेल तर कांदे-बटाट्यांची जाळीची ट्रॉली नकाशातून आपोआप गळते. अंधेरीत तरुण जोडप्याला बार हवा असतो. नकाशावर मॅडम त्याला ‘क्रॉकरी युनिट’ म्हणतात, कारण नकाशा सासूबाईही बघणार असतात. त्या क्रॉकरी युनिटला कुलूप का, हे आजवर एकाही सासूबाईंनी विचारलेलं नाही. त्यांनाही सगळं कळतं, असं मॅडमचं मत आहे.

खरी मजा त्यांना दुकानात बघावी. कच्छी पटेलांचं प्लायवुडचं दुकान, मालक गादीवर, चहा आलेला. मॅडम चहाला हात लावत नाहीत, आधी शीटला लावतात. आठ बाय चारची शीट उभी करून कडेचे थर बघतात, बोटाच्या पेरानं ठोकतात, आय. एस. 710 चा शिक्का शोधतात. किचनच्या ओट्याखाली हीच मरीन प्लाय, त्यात तडजोड नाही. मग पिशवीतून व्हर्नियर निघतो आणि मालकाच्या कपाळावर आठी येते. एकोणीस मिलिमीटर ही दुकानात एक भावना असते, माप नसतं. व्हर्नियर सतराच्या आसपास थबकतो.

“मॅडमजी, उन्नीस-बीस तो चलता है,” मिस्त्री सावरून घेतो.

“वीस चालेल,” मॅडम म्हणतात, “सतरा नाही.”

शीट बदलली जाते. मग पास झालेल्या प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात त्या निळ्या बॉलपेननं सही करतात. दुकानातून निघालेला माल आणि चौथ्या मजल्यावर पोचलेला माल एकच असतो, असा त्यांचा विश्वास नाही. टेम्पोत पुनर्जन्म होतो म्हणतात. मुलुंड-घाटकोपरच्या कित्येक घरांत सनमायकाखाली मॅडमच्या सह्या दडलेल्या आहेत. एवढ्या सह्या आमच्या आमदारांच्याही कुठे नसतील.

बिल मात्र घरमालकाच्या नावावर. हे त्यांच्या धंद्याचं मर्म, आणि ते समजायला मला बराच काळ लागला. लोक म्हणतात, सगळं काम तुम्हीच घ्या, एकरकमी बोला, चावी द्या. मॅडम घेत नाहीत. प्लाय, फरशी, मिस्त्री, रंग, सगळ्यांचे पैसे घरमालक थेट देतो, मॅडमना फक्त त्यांची फी. कारण बारा लाखांचं काम अंगावर घेतलं तर ती बारा लाखांची उलाढाल त्यांची होते. अशी दोन घरं झाली की वीस लाखांची मर्यादा ओलांडून जीएसटीच्या अठरा टक्क्यांत जाऊन पडायचं, आणि प्लाय महागली, मिस्त्री गावाला पळाला, की तो खड्डाही स्वतःच्या खिशातून भरायचा. “दुसऱ्याच्या घरात मी पैसे का गुंतवू?” हा त्यांचा साधा प्रश्न आहे.

फी टक्केवारीवरही नाही. टक्के घेतले की महागातली सनमायका सुचवताना समोरचा संशयानं बघतो, आणि थोडं थोडं आपणही आपल्याकडे तसंच बघतो. म्हणून चटईक्षेत्रावर, फुटाला दोनशे. तेही बिल्डरच्या कागदावरचं नव्हे, स्वतःच्या टेपनं मोजलेलं. सव्वासहाशे फुटांचं घर, फी सव्वा लाख. दुकानदार दहा टक्के कमिशनचं पाकीट पुढे करतो, तेव्हा त्या ते बिलातून वजा करून घरमालकाला दाखवतात. घरमालक गहिवरतो आणि पुढच्या गल्लीतल्या मेहुण्याला फोन लावतो. जाहिरातीवर मॅडमचा खर्च शून्य आहे. मी एकदा म्हटलं, “म्हणजे कमिशन तुम्ही दुसऱ्या वाटेनं घेताच की.” त्या म्हणाल्या, “घेते ना. पण ते मला बिलात लपवावं लागत नाही.”

प्राप्तिकर कायद्यानं इंटिरियर डेकोरेशनला वकील-डॉक्टरांच्या पंगतीत बसवलं आहे. 2016 च्या अर्थसंकल्पातून आलेल्या 44 एडीए कलमानं सोयही केली: निम्मी जमा नफा म्हणून दाखवा आणि हिशेबाच्या वह्यांतून सुटा. मॅडमनी सवलत घेतली आणि वहीसुद्धा ठेवली. सरकारला नको असली तरी त्यांना हवी असते. कोणत्या गिऱ्हाइकानं किती वेळा रंग बदलला, कोणी रात्री साडेदहाला फोन केला, कोणाच्या आत्यानं नकाशात लुडबुड केली, सगळं तीत लिहिलेलं. रंग दोनदा बदलणं फीमध्ये, तिसऱ्यांदा जादा पैसे. आत्याबाईंचा दर वेगळा आहे म्हणतात.

सोसायटीतल्या हितचिंतकांना हे बघवत नाही. माणसं ठेवा, ऑफिस घ्या, कंपनी काढा, असा सल्ला त्यांना लिफ्टच्या प्रत्येक फेरीत मिळतो. मॅडमचा नियम एकच: एका वेळी तीन घरं. एक फुटणारं, एक सुतारकामाचं, एक रंगाचं. त्यांच्याकडे सुतारांची टोळी एक, रंगारी एक, आणि त्या स्वतः एक. चौथं गिऱ्हाईक आलं तर ‘दिवाळीनंतर’. गंमत अशी की नाही म्हटलेलं गिऱ्हाईक जात नाही, ते चिकटतं. ज्या बाईला वेळ नाही तिच्याकडे काहीतरी असणारच, असं आपल्या लोकांचं अर्थशास्त्र आहे. पितृपक्षात कुणी काम सुरू करत नाही. मॅडम तो पंधरवडा नव्या घरांची मापं घेण्यात घालवतात. “हातोड्याला पितर आडवे येतात, टेपला नाही,” असं त्यांनी आमच्या गुरुजींकडूनच वदवून घेतलं आहे.

गाडीही नाही. मुलुंडहून लोकलनं घाटकोपर, तिथून अंधेरीची मेट्रो. 2014 साली ती सुरू झाली तेव्हा त्यांच्या धंद्याला पश्चिम उपनगरं फुटली, आणि 2023 मध्ये पुढची मेट्रो अंधेरीपर्यंत आल्यावर बोरिवलीही आवाक्यात आलं. स्टेशनपासून चालत पोचता येणार नाही असं घर त्या घेतच नाहीत, मग ते कितीही मोठं असो. रिक्षावाल्याशी वाद घालण्याची ताकद मिस्त्रीसाठी राखून ठेवावी लागते.

आता हप्त्यांबद्दल. फीचे चार सारखे हप्ते आणि प्रत्येक हप्ता त्या त्या टप्प्याच्या आधी. नकाशाआधी पहिला, फोडकामाआधी दुसरा, सुतारकामाआधी तिसरा. चौथा हप्ता ही या व्यवसायातली दुःखद बाब. घर झालं की माणसाला डिझायनर दिसेनासा होतो. म्हणून मॅडमनी शेवटचा टप्पा ठेवला आहे हँडलांचा. कपाटं, ड्रॉवर, ट्रॉल्या सगळं तयार; फक्त हँडलं नाहीत. कोणती घ्यायची हे मॅडम लिहून देणार, चौथा हप्ता आल्यावर.

चौथ्या मजल्यावरच्या काकांना हे पटलं नाही. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, एकतीस हजार दोनशे पन्नास रुपयांची हँडलांची चिठ्ठी कशी घेईल? “हँडल काय, आम्ही निवडू,” म्हणाले. सुरुवातीला घरात उत्साह होता. काका, काकू आणि सूनबाई नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात गेले. काकांना पितळी हवी, काकूंना साडी न अडकणारी, सुनेला काळी मॅट. काळी म्हटल्यावर काकूंनी भर दुकानात “वास्तुशांत व्हायचीय अजून” असा हंबरडा फोडला. तीन नमुने घेऊन तिघं परतले, लोकलच्या वेगवेगळ्या डब्यांतून. मुलानं मोबाईलवर चौथा नमुना दाखवला, तेव्हा तिघांची काही काळ एकी झाली. दरम्यान कपाट उलथन्यानं उघडलं जात होतं, आणि भांड्यांची ट्रॉली बाहेर ओढायला काकांनी पायजम्याची नाडी बांधली होती. पाहुणे येऊन गेले, नाडी पाहून गेले.

शेवटी काकांनी मलाच मध्यस्थीला बोलावलं. मॅडम आल्या, चपला बाहेर काढल्या, चारही नमुने बाजूला सारले, किचनभर एकदा नजर फिरवली आणि कागदावर एक नंबर लिहिला. दोन मिनिटंही लागली नसतील. काकूंनी पाहिलं, सुनेनं पाहिलं, दोघी एकाच वेळी म्हणाल्या, “हेच म्हणत होते मी.”

“एवढ्याशा कामाचे एकतीस हजार?” काका कळवळले.

“नाही काका, हँडल फुकट सांगितलं,” मॅडम म्हणाल्या. “एकतीस हजार तुम्ही तिघं पुन्हा एकत्र दुकानात जाऊ नये म्हणून.”

काकांनी बराच वेळ पेन चाचपलं आणि चेक लिहिला. तारीख मात्र पुढच्या सोमवारची टाकली. मॅडमनी ती वाचली, चेक पावतीपुस्तकात ठेवला, आणि हँडलांचा कागद घडी करून पिशवीत टाकत म्हणाल्या, “मग सोमवारीच येते.”